सात मात्रांचा पैसा

मामाचं बोट गुडघ्यावर पडत होतं. सातपर्यंत जायचं आणि परत एकवर यायचं. डबीएवढ्या स्पीकरमधून नाणी खणखणत होती, गल्ल्याची घंटी वाजत होती, कागद टरकावल्याचा आवाज येत होता, आणि त्या सगळ्याला ठेका होता. पन्नास वर्षांपूर्वी लंडनच्या स्टुडिओत कापून, चिकटवून, माइकच्या स्टँडभोवती फिरवलेली ती टेप जानेवारीच्या थंडीत ब्रह्मपुरीला आमच्या ओसरीवर फिरत होती.

मामा : सात आहे. पन रूपक नाही.

भाचा : बरोबर ओळखलंत, मामाजी! हॉस्टेलात आठ जणांना ऐकवलं हे गाणं, एकालाही मोजता आलं नाही.

मामा : त्याच्यात ओळखाचं काय आहे? बोट हलवलं की समजते. रूपकात सम खाली असते. तीं तीं ना. पहिल्या मात्रेवर पंजा मोकळा ठेवाचा. हा गडी पहिलीवरच दनकन पडते. अंग साताचं, चाल पैलवानाची.

गाणं पुढे सरकलं. एक जाडसर आवाजाचं फुंकवाद्य वाजून गेलं, मग गिटार आली. मामाचं बोट हवेतच थांबलं.

मामा : सात गेले. चारात आला का गा हा?

भाचा : हो जी. गिटारचा सोलो चारात आहे. शेवटच्या कडव्याला परत सात येतात.

मामा : आन त्याच्या आधी ते फुंकून वाजवलं ते?

भाचा : सॅक्सोफोन. डिक पॅरी म्हणून होता, गिटारवाल्या गिलमोरचा जुना मित्र. तो बँडमधला नाही, बोलावलेला. त्याचा सोलो सातातच आहे.

मामा : म्हनजे बाहेरून बोलावलेल्यानं सातात वाजवाचं, आन घरच्यानं चारात. हे तं आमच्या कंपनीसारखंच झालं.

आता ही माणसं कोण ते सांगते. मामा म्हणजे माझा मोठा भाऊ. या लेखापुरता मीही त्याला मामाच म्हणते, कारण वाद भाच्याशी होता. झाडीपट्टी रंगभूमीवर त्याने तीस हंगाम तबला वाजवला. ज्यांनी आमच्याकडचं नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडया म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या रात्री गावात नाटक असतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत हा हंगाम चालतो. कंपन्यांचं ठाणं वडशाला, म्हणजे वैनगंगेपलीकडे, आमच्याहून गाडीने एक स्टेशन पुढे. पडदा रात्री दहाच्या सुमारास उघडतो आणि प्रेक्षक पहाटे घरी जातो. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सगळं समोर बसून वाजवतात. बोटांचे सांधे धरायला लागले तेव्हा मामाने तबला गवसणीत घातला.

भाचा म्हणजे माझा मुलगा. नागपूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि संक्रांतीला घरी आला होता. येताना त्याने मामासाठी काय आणलं, तर पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा 1973 चा अल्बम. आणला म्हणजे मोबाइलमध्ये.

मामाची बोली झाडीची. तो वेळेला वेर म्हणतो, डोळ्यांना डोरे. ती मी जशीच्या तशी उतरवलेली नाही. आमची बोली छापली की वाचणारा आधी हसतो आणि मग वाचतो, हा अनुभव आहे. चवीपुरती ठेवली आहे.

वादाला तोंड फुटलं ते जेवणाआधीच, पहिली बाजू लावताना. मुलाने आधी एक छोटं भाषण केलं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे साधं ‘मुखडा-अंतरा’ गाणं नव्हे. मोठ्या रचना, बदलते ताल, एका गाण्यातून दुसऱ्यात शिरणं, सगळ्या अल्बमला एकच विषय. इथे विषय काय, तर वेळ, पैसा, मरण, आणि डोकं फिरणं. 1973 ते 1988 या काळात हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 741 आठवडे होता.

मामा : सातशे एक्केचाळीस आठवडे. चौदा वर्सं झाले. एकाच नाटकाचे?

भाचा : एकाच.

मामा : मंग माल असंन त्याच्यात. लाव.

भाचा : पण मामाजी, एक आहे. हा त्रेचाळीस मिनिटं अखंड ऐकायचा. मधे उठायचं नाही. आमच्या पोरांना तेच जमत नाही. एकजण म्हणतो, झोपेची गोळी आहे. दुसरा म्हणतो, हेडफोन असेल तरच ऐकावं. तिसरा म्हणतो, हा गोड करून विकलेला माल, खरा फ्लॉइड 1977 च्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये आहे. संयमच नाही कोणाला.

मामा : त्रेचाळीस मिनिटाले संयम म्हनते का गा तू? आमचा पयला अंक रंगात याले तेवढा वेळ लागते.

इथे मला हसू आलं. गेली काही वर्षं मी ऐकते आहे की लांबलचक संगीत ऐकायला शहरी, शिकलेला कान लागतो. झाडीतला शेतकरी जानेवारीच्या थंडीत घोंगडी पांघरून सात तास जमिनीवर बसतो आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरने एक वाक्य गाळलं तरी ओळखतो. लांबीची भीती त्याला कोणी घालू नये. तीस सेकंदांच्या चित्रफिती सरकवत बसणारा अंगठा माझ्या मुलाचाच आहे, मामाचा नाही.

अल्बम सुरू झाला तो हृदयाच्या ठोक्यांनी. ते निक मेसनच्या मोठ्या ढोलाचे आवाज आहेत, कापड घालून दाबलेले. मामाला ते आवडलं. म्हणाला, नांदी बरी आहे. मग एक यंत्राचा धावता गोंगाट आला, तो नाही आवडला. त्यानंतर एकदम पंचवीसेक घड्याळं एकत्र किंचाळली. माझ्या हातातलं सूप हललं आणि निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत गेले.

मामा : घड्याळाचं दुकान उघडलं का?

भाचा : खरंच दुकानच आहे! अ‍ॅलन पार्सन्स म्हणून ध्वनिमुद्रक होता, त्याने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड केलं होतं.

सुपातला तांदूळ एचएमटी होता, हेही इथे लिहून ठेवते. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी हे वाण शेतात निवडून निवडून तयार केलं आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला नाव दिलं. देशभर पेरलं गेलं. दादाजींच्या हाताला त्यातलं किती थोडं लागलं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पुढे जो वाद झाला त्यात मला हे सारखं आठवत होतं.

घड्याळांनंतर एक बाई गायली. शब्द नाहीत, नुसता आवाज. आधी आकांत, मग हळूहळू निवत गेलेला. मामा काही बोलला नाही. नेमका त्यानंतर दुसऱ्याच एका पुरुषाचा उत्साही आवाज आला.

मामा : हा कोन आला मधातच?

भाचा : जाहिरात आहे. फुकटवालं अ‍ॅप आहे माझं.

मामा : अखंड म्हनला होतास.

भाचा : अखंडच आहे जी, ही अ‍ॅपची भानगड.

मग त्यानेच खालच्या आवाजात कबूल केलं की 1973 मध्ये हे तबकडीवर होतं आणि त्या बाईच्या गाण्यावर पहिली बाजू संपायची. सुई उचलायची, तबकडी उलटी करायची, मग नाणी खणखणायची. म्हणजे मध्यंतर तेव्हाही होतंच. आम्हीही मध्यंतर केलं, जेवलो, आणि सातांची मोजणी त्यानंतरची.

सात मात्रांचं ते ‘मनी’ संपलं आणि एक संथ, पसरट गाणं सुरू झालं. खरा वाद इथे पेटला.

भाचा : हे बघा मामाजी, मला काय आवडतं सांगू? इथे काहीही उपरं नाही. आपल्या नाटकात काय होतं? हिरोचा बाप मेला, बाया रडताहेत, आणि पुढच्या मिनिटाला लावणी. त्यानंतर विनोदी पात्र. कशाचा कशाला मेळ नाही. कोणी आरडलं ‘वन्स मोअर’ की मेलेला बाप उठून परत गातो.

मामा : लोक रडून थकते गा. त्याईले पानी पाजा लागते. सात तास कोन्ही नुसतं रडंन का?

भाचा : पण ते जोडकाम झालं ना. इथे सगळं एका साच्यातून काढल्यासारखं आहे.

मामा : सगळं? हे आत्ताचं गानं पन याच्यासाठीच बांधलं होतं?

मुलगा गप्प बसला. त्याचा एक गुण आहे, तो खोटं बोलत नाही. हे गाणं म्हणजे ‘अस अँड देम’. त्याची चाल पियानोवाल्या रिचर्ड राइटने आधी अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘झॅब्रिस्की पॉइंट’ या 1970 च्या सिनेमासाठी केली होती. दिग्दर्शकाने ती नाकारली. पडून राहिलेली चाल इथे कामाला आली.

मामा : एका खेळातलं उरलेलं गीत दुसऱ्यात लावलं. त्याईनं केलं तं साचा, आम्ही केलं तं जोडकाम.

भाचा : पण बसलं ना ते तिथे!

मामा : आमचं बी बसते. बसलं नाही तं लोक दुसऱ्या रात्री येत नाही. आन तालीम कुठं केली म्हनते यानं?

हा प्रश्न मामाने सहज विचारला, पण त्याने मुलाची बाजू पार उघडी पडली. कारण खरी गोष्ट अशी आहे की हा अल्बम आधी रंगमंचावर वाजला आणि मग स्टुडिओत गेला. 20 जानेवारी 1972 ला ब्रायटनला पहिल्यांदा सादर झाला, आणि ‘मनी’पाशी टेपने दगा दिल्याने ती रचना तिथेच सोडावी लागली. सुरुवातीच्या प्रयोगांत शेवटचं गाणं नव्हतंच. रचनेला शेवट नाही हे वाजवताना जाणवलं, म्हणून बँडमधल्या रॉजर वॉटर्सने ते दौरा चालू असताना लिहिलं. मामाला न आवडलेल्या यंत्राच्या गोंगाटाच्या जागी आधी गिटारचा एक लांब तुकडा होता. आणि बाईच्या गाण्याच्या जागी नुसता ऑर्गन आणि त्यावर बायबलच्या वाचनाची टेप. लंडनच्या एबी रोड स्टुडिओत मुद्रण चाललं तेही दौऱ्यांतून वेळ काढून. म्हणजे वर्षभर लोकांसमोर घासून, पडून, बदलून मग तो काळ्या तबकडीवर गोठला.

मामा : मंग सांग, खरी वस्तू कोनती? घासली ती, का गोठली ती?

भाचा : गोठली ती.

हे त्याने इतक्या पटकन म्हटलं की मी सुपातून मान वर केली.

भाचा : रागावू नका जी. पण ब्रायटनची ती रात्र कुठे आहे? गेली. ज्यांनी ऐकली त्यांच्यासोबत जाईल. हा अल्बम मात्र मला हॉस्टेलच्या खाटेवर मिळाला. मे महिन्यात इथे सेहेचाळीस डिग्री असतं, दार-खिडक्या लावून मी अंधारात ऐकला. बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. त्या लोकांनी ब्रह्मपुरीचं नाव ऐकलेलं नाही, तरी ते माझ्यापर्यंत आले. तुमचे तीस हंगाम कुठे आहेत, मामाजी? एक तरी रेकॉर्डिंग आहे का? मी मेलो तर तुमचा ठेका कोणाला माहीत असेल?

सुपात हात तसाच राहिला. मामा बराच वेळ स्पीकरकडे पाहत होता. हा घाव वर्मी होता, आणि मला वाटतं खराही होता. आम्ही झाडीची माणसं ‘रात्र गाजवली’ असं म्हणतो. त्यात रात्र संपली हेही येतं. 2023 मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे फार आनंद झाला. पण त्यांच्या हजारो रात्रींतली एखादी पूर्ण रात्र पोराला दाखवायची म्हटली तर शोधाशोध करावी लागते.

मामा : तुझं खरं आहे. पन एक गोष्ट माझी बी आयक. हे मले पाहून वाजवत नाही. मी इथं उठून गेलो तरी हा असाच वाजंन. आमच्या समोर कोन्ही पेंगलं की मी लग्गी टाकत होतो. हिरोईनचा दम कमी पडला की समेले अर्ध्या मात्रेनं सांभाळून घेत होतो. तबलजीचं अर्धं काम डोळ्याचं असते.

भाचा : म्हणजे याला डोळे नाहीत?

मामा : फोटोले असते तेवढे आहेत.

मधूनमधून या अल्बममध्ये माणसं बोलतात, हसतात. मामाला ते आवाज गायकांपेक्षा जास्त आवडले. कोण आहेत, म्हणून विचारलं. मुलाने सांगितलं की वॉटर्सने कागदाच्या कार्डांवर प्रश्न लिहिले होते : शेवटची मारामारी कधी केली, मरणाची भीती वाटते का, असले. ते स्टुडिओत जो भेटेल त्याला विचारले. त्यातला एक आवाज एबी रोडच्या दरवानाचा आहे. अल्बमचं शेवटचं बोलणंही त्याचंच. त्याच इमारतीत तेव्हा पॉल मॅकार्टनीही काम करत होता. बीटल्सवाला. त्यानेही उत्तरं दिली होती, पण ती वापरली नाहीत.

मामा : दरवानाचं ठेवलं आन मोठ्याचं काढलं?

भाचा : हो. मॅकार्टनी फार सावरून बोलला म्हणतात.

मामा : हा मानूस समजदार आहे.

ठोके पुन्हा आले, विरत गेले, संपले. मी म्हटलं, आता झोपा. मामा म्हणाला, ती बाई परत लाव.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ पुन्हा लागलं. आता जाहिरातही नव्हती. चार-साडेचार मिनिटांत त्या बाईने काय केलं ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की बाया ज्या सुरात रडतात त्याला शब्द असतात, नात्यांची नावं असतात. इथे तीही नाहीत. माझं मत विचाराल तर अख्ख्या अल्बममध्ये मला हेच एक गाणं लागलं. बाकीचं चांगलं आहे, पण ते पुरुषांचं विचार करणं आहे.

मी : कोण रे ही?

भाचा : क्लेअर टोरी. पंचविशीची होती. जानेवारी 1973, रविवार होता. हिला बोलावलं, सांगितलं की शब्द नाहीत, मरणाविषयी आहे, गा. हिने दोन-तीनदा गायलं आणि घरी गेली. आपलं गाणं घेतील असंही तिला वाटलं नव्हतं. पुढे दुकानात अल्बमवर नाव दिसलं तेव्हा कळलं.

मामा : पाकीट किती दिलं?

भाचा : तीस पौंड. रविवार म्हणून दुप्पट.

मामा : आन चाल कोनाची लावली कागदावर?

भाचा : रिचर्ड राइटची. पियानो त्याचाच आहे. पण वरचं सगळं तिने जागेवर रचलेलं. एकतीस-बत्तीस वर्षांनी ती कोर्टात गेली. 2005 मध्ये तडजोड झाली. आता रचनेत राइटसोबत तिचंही नाव असतं.

मामाने विडी शिलगावली. आमच्या घरात तो सहसा ओढत नाही. मग त्याने जे सांगितलं ते मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, नवीन होतं.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी एका कंपनीत ऐन मंडईच्या दिवशी ऑर्गनवाला आजारी पडला. नव्या नाटकात नायिकेचं एक विरहाचं गीत होतं, त्याला चाल नव्हती. दुपारी चार वाजता, शाळेच्या व्हरांड्यात, मामाने डग्ग्यावर थाप देत देत ती चाल बांधली आणि नायिकेला गळ्यात बसवून दिली. रात्री तीन वेळा वन्स मोअर. मालकाने नाइटचे ठरलेले पैसे दिले, वर पन्नास रुपये आणि पाठीवर थाप. ती चाल मग दुसऱ्या नाटकात गेली, तिसऱ्या कंपनीत गेली. मागच्या हंगामात तो एका गावाला पाहुणा म्हणून गेला होता, तिथे एक नवी मुलगी ती गात होती. मामाने शेजारच्या माणसाला विचारलं, चाल कोणाची? तो म्हणाला, जुनीच आहे जी, पहिल्यापासूनची.

भाचा : तुम्ही सांगितलं नाही त्याला?

मामा : काय सांगू? माझ्याजवळ तबकडी आहे का?

थोड्या वेळापूर्वी मुलाने मारलेला टोला असा वळसा घेऊन त्याच्याचकडे आला. तो काही बोलला नाही, फक्त स्पीकर मामाकडे थोडा सरकवला.

विषय बदलावा म्हणून त्याने एक शेवटचं ऐकवतो म्हटलं. रॉजर वॉटर्सने 2023 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हाच अल्बम बाकीच्या बँडशिवाय पुन्हा काढला. ‘रिडक्स’ म्हणतात त्याला. हा तोच वॉटर्स, ज्याने 2007 मध्ये मुंबईला वांद्रे-कुर्ल्याच्या मैदानावर हा सगळा अल्बम लोकांसमोर वाजवला होता. नव्या आवृत्तीवर ऐकणाऱ्यांत उभी फूट पडली. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याने तरुणपणीच्या शब्दांना वय दिलं. कोणी म्हणालं, देव्हाऱ्यातली मूर्ती फोडली. माझा मुलगा दुसऱ्या पक्षाचा.

भाचा : कशाला हात लावायचा? झालं ते झालं ना!

मामा : काहून? त्याचंच तं आहे. आमचा म्हातारा नट तीस वर्सं तोच बाप करते. पयले ओरडत होता, आता हळू बोलते. बाप तोच. वाजव, आयकू दे.

मुलाने ‘मनी’ लावलं. सात मात्रा होत्या, पण जड, घोगऱ्या, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारख्या. मामाने मान डोलावली. गिटारचा सोलो आला नाही. या आवृत्तीत ते सोलो नाहीतच.

मामा : हे बरं केलं. आता चारात पळाची गरजच नाही.

मग बाईचं गाणं लावलं. पियानोचे सूर ओळखीचे होते. पण त्या आकांताच्या जागी म्हातारा बोलत होता. सावकाश, समजावून, थांबून थांबून बोलत होता. मामाने मिनिटभर ऐकलं.

मामा : बंद कर.

भाचा : मी म्हटलं होतं ना?

मामा : तू म्हनला होता हात लावू नये. मी तसं म्हनत नाही. हात लावाचा त्याले हक्क आहे. पन हा प्रॉम्प्टर झाला गा. नट गाऊन राहिला तं प्रॉम्प्टरनं मोठ्यानं वाचू नये. आन ती बाई कुठं गेली?

या एका वाक्यावर दोघांचं एकमत झालं, बाकी कशावर नाही. मुलाचं अजूनही म्हणणं आहे की मामाला अल्बम कळला नाही, कारण त्याने प्रत्येक गाण्यात माणसं शोधली, विचार शोधला नाही. मामाचं म्हणणं आहे की पोट्ट्याने चंद्राचा काळा भाग पाहिला, वाजवणाऱ्याचे हात पाहिले नाहीत. असं संगीत कोणी आपल्याकडे केलं का, असंही त्याने विचारलं. मुलाने मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडच्या 2013 च्या ‘फिरदौस’चं नाव घेतलं, हिंदीतलं. ‘इंडस क्रीड’चा 2012 चा ‘इव्हॉल्व्ह’ सांगितला, इंग्रजीतला. मराठीत कोण, म्हटल्यावर तो पाणी प्यायला उठला.

सकाळच्या गाडीने मामा वडशाला गेला. मुलाने त्याआधी, सहाच्या सुमारास, त्याच्याकडून ती विरहगीताची चाल मोबाइलवर म्हणवून घेतली. तबला नव्हता, म्हणून माझं जर्मनचं गंज पालथं घातलं. पावणेचार मिनिटं आहेत. मामाचा आवाज फाटका आहे, मागे कोंबडा आरवतो, मधे मी चहा घ्या म्हणते तेही आलं आहे. चाल सात मात्रांची आहे, आणि हे मात्र रूपकच.

झाडीपट्टीच्या नाट्यनिर्मात्यांना एक सांगणं आहे. तुमच्या पत्रकांवर नट-नट्यांचे फोटो असतात, लावणीवाल्यांचे असतात, खाली बारीक अक्षरांत ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असतं. पुढच्या हंगामाची पत्रकं दिवाळीआधी छापखान्यात जातील. त्यांत ‘चाल’ म्हणून एक ओळ वाढवा आणि तिच्यापुढे माणसाचं नाव घाला. बोटभर जागा लागते.